ओपन जिम झाली, सभागृह झालं, तरी गाव का येत नाही?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका सरपंचताईंचा आहे. गावची वस्ती तीनेक हजार. गेल्या काही वर्षांत गावात ओपन जिम बसली, सांस्कृतिक सभागृह बांधून झालं, वाचनालय तर जुनंच आहे. त्या लिहितात, "सरकारच्या प्रत्येक धोरणात खेळ आणि कला सर्वांपर्यंत न्यायच्या असं असतं. आमच्याकडे वस्तू आल्या, माणसं आली नाहीत. पुढच्या आराखड्यात आम्ही मागावं तरी काय?"

ताई, मी एकतीस वर्षं हायस्कूलवर पी.टी. शिकवली. त्यातली बरीचशी मुलींच्या खो-खो संघाबरोबर गेली. निवृत्त झाल्यापासून गावच्या वाचनालयाची सचिव आहे आणि क्रीडा संकुलाच्या बैठकांनाही पुष्कळदा बसले आहे. त्या अनुभवावर सांगते, पुढच्या आराखड्यात नवी वस्तू मागू नका. गावात कोण येत नाही ते आधी मोजा. मग किल्ली, वेळ, दिवा, शौचालय आणि शिकवणारं माणूस यांच्यासाठी पैसे मागा. असं का म्हणते ते आता सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा, हे काम कुणाचं? तुम्ही विषय काढलात की पंचायतीचे अधिकारी भाऊसाहेब म्हणतील, "ताई, खेळाच्या खर्चाचं हेड आपल्याकडे नाही." त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. संविधानाच्या राज्यसूचीत ३३ वी नोंद वाचा. नाटकं, करमणूक आणि खेळ तिथे एकाच ओळीत आहेत. म्हणजे दोन्ही विषय राज्याचे. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली, तिच्यात २९ विषय आहेत. विसावा ग्रंथालयं, एकविसावा सांस्कृतिक कार्य, बाविसावा बाजार आणि जत्रा. खेळ मात्र त्या यादीत नाही. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत बागा आणि क्रीडांगणं आहेत, गावांच्या यादीतून ती सुटली. पण आपल्या राज्याचा १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा याहून उदार आहे. ग्रामपंचायतीनं करायच्या कामांच्या त्याच्या यादीत आखाडे, खेळाच्या जागा आणि वाचनालयं आहेत. ती यादी झेरॉक्स करून सभेला घेऊन जा. "आपलं काम नाही" हा मुद्दा तिथल्या तिथे मिटतो आणि बोलणं पैशावर येतं.

आता सरकारची उद्दिष्टं. केंद्रानं १ जुलै २०२५ ला नवं राष्ट्रीय क्रीडा धोरण मंजूर केलं, २००१ च्या जुन्या धोरणाच्या जागी. त्याचे पाच आधारस्तंभ आहेत आणि त्यातला एक 'लोकचळवळ म्हणून खेळ' हा आहे. राज्याचं क्रीडा धोरण २०१२ चं. सांस्कृतिक धोरण आधी २०१० ला झालं, मग २०२४ ला नवं आलं. कागदावरची भाषा चांगली आहे, आणि ती मनापासून लिहिलेली आहे असंच मी मानते. अडतं ते पुढे. उद्दिष्ट असतं 'सर्वांना संधी', पण मी जे तक्ते भरले त्यातले रकाने होते मंजूर कामं, पूर्ण कामं आणि झालेला खर्च. मैदानावर किती जणी आल्या, हा रकाना मला एकाही तक्त्यात भेटला नाही. २०२२ मध्ये तालुका क्रीडा संकुलासाठीची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर गेली, जिल्हा संकुलाची आठवरून पंचवीस कोटींवर. पैसा वाढला ही चांगलीच गोष्ट झाली. पण जे मोजलं जातं तेच होतं, आणि आपण भिंती मोजतो.

माझ्यावर गुदरलेली गोष्ट सांगते. एका संकुलावर आमच्या मुलींचा सराव संध्याकाळी साडेपाचला असायचा. मैदान उत्तम. माती चाळून टाकलेली, खांब नवे, आखणी नीट. दसऱ्यापर्यंत अठरा-वीस मुली यायच्या, दिवाळीनंतर सात उरल्या. सगळे म्हणाले, घरचे सोडत नाहीत, पोरी मोठ्या झाल्या. मीही तेच धरून चालले होते. मग एका रविवारी मी न येणाऱ्या मुलींच्या घरी गेले. एकीच्या आईनं मला सरळ सांगितलं, "बाई, खेळायला कोण नको म्हणतंय? पण थंडीत सहालाच अंधार पडतो. फाट्यापासून वस्तीपर्यंत दिवा नाही. आणि तिथं बाथरूमला कुलूप असतंय. पोरगी दुपारपासनं पाणीच पीत नाही." ते कुलूप मी दोन वर्षं रोज बघत होते. शौचालय बांधलेलं होतं, बिलही निघालेलं होतं, किल्ली मात्र ज्याच्याकडे होती तो पाचला घरी जायचा. आम्ही सराव सकाळी साडेसहावर आणला आणि किल्लीची एक नक्कल संघाच्या कर्णधाराकडे दिली. एवढ्यावर महिन्याभरात बहुतेक मुली परत आल्या. नवं बांधकाम एका रुपयाचं झालं नाही.

म्हणून मोजणीवर माझा एवढा भर आहे. याबाबत ब्रिटनचा एक अनुभव मला उपयोगी वाटतो. तिथल्या सरकारनं डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांचं तिकीट काढून टाकलं, आणि येणाऱ्यांची संख्या खूप वाढली. पण आकडा वाढला एवढ्यावर ते थांबले नाहीत. अपंग व्यक्ती, अल्पसंख्य समाज आणि कमी मिळकतीची कुटुंबं, यांचा सहभाग वाढला का, हे वेगळं उद्दिष्ट त्यांनी ठेवलं. २००५ पासून त्यासाठी घरोघर पाहणी सुरू केली. गेल्या बारा महिन्यांत नाटक, संग्रहालय, वाचनालय कुठे गेलात? गेल्या चार आठवड्यांत काही खेळलात? यातली घरी जाऊन विचारण्याची गोष्ट फार मोलाची आहे. सभागृहाच्या दारात वही ठेवली तर तिच्यात आलेल्यांचीच नावं पडतात. न आलेली बाई त्या वहीत कधीच दिसत नाही.

तुमच्या गावात हे करायला मोठी यंत्रणा लागत नाही. कॉलेजच्या एन.एस.एस.च्या चार मुली आणि दोन मुलं घ्या. प्रत्येक वॉर्डातली दहा-बारा घरं, मळ्यातल्या वस्त्या आणि ऊसतोडीचे अड्डे धरून. घरातल्या प्रत्येक माणसाविषयी विचारायचं, गेल्या महिन्यात खेळलं का, गेल्या वर्षात काही बघायला किंवा ऐकायला गेलं का, वाचनालयातून पुस्तक आणलं का, आणि नसेल तर कशामुळे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खुणा करायचे चौकोन देऊ नका. 'वेळ नाही' असं सगळेच आधी म्हणतात. तिथे थोडं थांबायचं, दुसऱ्यांदा विचारायचं. खरं कारण दुसऱ्या खेपेला येतं.

ओपन जिमबद्दल फार लिहीत नाही. ती बहुधा चौकात किंवा स्टँडसमोर बसवलेली असेल, कारण उद्घाटनाला आणि फोटोला ती जागा बरी पडते. चौकात, पुरुष पारावर बसलेले असताना, साडी नेसलेली बाई त्या यंत्रावर पाय ठेवणार नाही. जागा हलवता आली तर शाळेच्या मागच्या अंगाला हलवा. नाही आली तर एका बाजूला शेडनेट ताणा आणि सकाळची एक वेळ बायकांची म्हणून ठरवून दवंडीसारखी गावभर सांगा. बेअरिंगला ग्रीस कोण घालणार, त्याचं नाव पंचायतीच्या भिंतीवर लिहा.

सभागृहाचं दुखणं मोठं आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तर त्याची हळहळ जास्त वाटते. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. हे नाटक झालं तेच मुळी राजाच्या इच्छेनं. कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली, आणि तसं काही मराठीत करावं असं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं. म्हणजे तेव्हाचं ते सरकारी उद्दिष्टच. पण ते नाटक दरबारापुरतं होतं. १८५१ ला चिंतामणराव गेले, राजाश्रय सुटला, तेव्हा भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. नाटक सगळ्यांचं झालं ते या हिंडण्यातून. सांगलीचं भावे नाट्यमंदिर आम्हाला प्रिय आहे, पण तुमच्या गावची म्हातारी रात्रीच्या प्रयोगाला सांगलीला जाऊन परत येऊ शकत नाही. प्रयोगच गावात यायला हवा, आणि इथेच गावचं सभागृह नापास होतं.

मी अशी पंधरा-वीस सभागृहं आतून बघितली आहेत. वर पत्रा, त्यामुळे आवाज घुमतो आणि पाऊस आला की काहीच ऐकू येत नाही. रंगमंच दीड-दोन फूट उंच आणि जेमतेम आठ फूट खोल, लग्नातल्या दोन खुर्च्या मावतील एवढा. पडदा अडकवायला पाईप नाही, विंगा नाहीत, प्लगचा एकच बोर्ड आणि तोही मागच्या भिंतीला. कपडे बदलायला खोली नाही. गावातल्या मुली शाळेच्या स्नेहसंमेलनात आवडीनं नाचतात, पण सभागृहातल्या नाटकात त्यांच्यापैकी एकही नसते. कपडे बदलायला शेजारच्या घरी जावं लागतं, हे मला त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं. एक आतून कडी लागणारी खोली, आडवे-उभे पाईप, रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना प्लग आणि पत्र्याखाली आवाज शोषणारं छत, एवढं देखभाल-दुरुस्तीत बसतं. पुढच्या सभागृहाचं इस्टिमेट करताना जेईसाहेबांच्या, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांच्या, शेजारी गावात नाटक बसवणारा माणूस बसवा. तमाशातला किंवा भजनी मंडळातला माणूसही चालेल. पट्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू कवलापूरचे. आपल्या मातीत या कामातले जाणते अजून आहेत, त्यांना कुणी इस्टिमेटच्या वेळी बोलावत नाही.

आता वाचनालय. आपल्या राज्यात ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. बहुतेक गावांतली ग्रंथालयं ड वर्गात असतात. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला, त्याआधी कित्येक वर्षं ते जागच्या जागी होतं. तरी एवढ्यात पूर्ण वेळचा ग्रंथपाल परवडत नाही. आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर सकाळी पेपर वाचायला दहा-बारा पुरुष बसतात. आमची म्हातारी माणसं आहेत ती, त्यांचं काही चुकत नाही. पण त्यांच्यातून वाट काढत आत जायला बाई धजत नाही. पुस्तकं वाचणाऱ्या बायका गावात नाहीत, असं आमच्या आधीच्या समितीचं ठाम मत होतं. मी कापडी पिशवीत वीस पुस्तकं घालून बचत गटाच्या बैठकीला न्यायला लागले. पहिल्या महिन्यात तीन पुस्तकं गेली, तीही पाककृतींची. चौथ्या-पाचव्या महिन्यात पिशवी रिकामी परत यायला लागली. अण्णा भाऊ साठे आपल्या वाटेगावचे, त्यांच्या कादंबऱ्यांसाठी तर आधीच नंबर लावून ठेवतात. एक आजी, वाचता येत नाही, नातीकडून रोज दोन पानं वाचून घेते आणि पुस्तक परत करताना मला गोष्ट सांगते. ती आजी आमच्या खातेवहीत कुठेच नाही, सभासद नात आहे. तरी मला विचाराल तर आमची सगळ्यात पक्की वाचक तीच.

साहित्याला गाव येत नाही हे तर कुणी म्हणूच नये. पलूस तालुक्यातल्या औदुंबरला मकरसंक्रांतीला संमेलन भरतं, कृष्णाकाठी माणसं मांडी घालून ऐकत बसतात. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, वाट माहितीची, शिवाय देवदर्शनही होतं. येणं सोपं असलं की माणूस येतो.

कुस्तीबद्दल लिहिलं नाही तर आपल्या भागातलं उत्तर पुरं होणार नाही. जत्रेत मैदान भरतं, वर्गणी निघते, हलगी वाजते. सरकारनं एक रुपया दिला नाही तरी हे चालतं, कारण ते गावाचं आहे. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे, गणपतराव आंदळकर शिराळ्याकडचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, ते लोकांनी काढलेल्या वर्गणीवर. हा लोकांचा पैसा आणि ही माया आजही गावात आहे, ती वळवून घ्या. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं मिळवली. त्या वर्षीपासून आमच्याकडच्या दोन जत्रांत मुलींच्या कुस्त्या लागतात. तुमच्या जत्रा कमिटीला एवढंच सांगा, की पन्नास कुस्त्यांत दहा मुलींच्या, आणि इनाम मुलांइतकंच. तालमीत आठवड्यातले तीन दिवस एक वेळ मुलींसाठी राखून ठेवा. वस्ताद राजी असतात, त्यांना विचारलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र जपून करा. स्मृती मानधना सांगलीत वाढली, पानटपरीवाल्याच्या घरातल्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्यपदक मिळवलं, साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. या सगळ्यांचा मला किती अभिमान आहे ते शब्दांत सांगता येत नाही. पण त्यांची नावं घेऊन गावात फक्त 'गुणवंत शोध' सुरू केलात तर पंचवीस मुलांतली तीन निवडाल आणि बावीस घरी बसवाल. लोकचळवळ म्हणायची तर त्या बावीस जणांचं काय, हे आधी ठरवा. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन खांब आणि चुना एवढंच लागतं, एका संघाचे नऊ जण उतरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात ते बसतं. शाळा सुटल्यावर ते गावाला खुलं ठेवायचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीकडून करून घ्या, म्हणजे मुख्याध्यापकांवर एकट्यावर जबाबदारी येत नाही.

गावाबाहेर पडणंही यातच येतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ती योजना कुठल्या सांस्कृतिक धोरणातली नाही, पण आमच्या वाचनालयाच्या बायका त्यानंतर पहिल्यांदा आपणहून गट करून साताऱ्याकडच्या औंधला गेल्या. औंध तर बघायलाच हवं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. एवढ्याशा संस्थानात त्यांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले आणि १९३८ ला यमाईच्या डोंगरावर चित्रसंग्रहालय उभं केलं, राजा रविवर्म्याची चित्रं सामान्य माणसाला जवळून बघता यावीत म्हणून. आटपाडी आणि कुंडल तेव्हा त्यांच्याच संस्थानात होतं. शरीर आणि कला ही दोन वेगळी खाती आहेत असं त्या माणसाला कधी वाटलं नाही. त्या चित्रांपुढे आमच्यातली एक बाई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "लुगड्याचा जरीकाठ बघा कसा उचललाय." तिचं माहेर विणकरांचं.

पैशाचं म्हणाल तर तीन वाटा आहेत. जिल्हा नियोजनमधून क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालतात. त्यात अर्ज करायच्या आधी जागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा, माझ्या माहितीतले बहुतेक प्रस्ताव तिथेच परत आले. दुसरी वाट वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित, म्हणजे गावाला गरजेप्रमाणे खर्च करता येणारा, भाग. पंधराव्या आयोगात तो ४० टक्के होता, उरलेला पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. मैदानावरचं शौचालय आणि पिण्याचं पाणी त्या बांधलेल्या भागात बसवता येतं, हे फार कमी गावांच्या लक्षात येतं. तिसरी वाट पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. त्यातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी ठेवायचाच असतो. सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी उतार करायचा ठराव दिव्यांग ग्रामस्थांना सभेला बसवून, त्यांना विचारून करा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. ती सकाळी अकराला पंचायतीत घेऊ नका, त्या वेळी बायका रानात असतात. संध्याकाळी मंदिराच्या मंडपात घ्या आणि पाहणीत लिहून घेतलेली कारणं तिथे मोठ्यानं वाचून दाखवा. ठरावात 'क्रीडा व सांस्कृतिक विकास' असं मोघम लिहू नका. असं लिहा: "मैदानाच्या शौचालयाची किल्ली मुलींच्या संघाकडे राहील. फाटा ते वस्ती या रस्त्यावर दिवे बसवावेत. सभागृहात आतून कडी असलेली खोली करावी. वाचनालयाची पिशवी दर महिन्याला प्रत्येक बचत गटाकडे जाईल. पुढच्या वर्षी याच महिन्यात याच घरांची पुन्हा पाहणी होईल." शेवटचं वाक्य कुणी गाळायला सांगितलं तर गाळू नका. पाहणीचे कागद कोरे करून पाठवू का, ते कळवा. आमच्या गावचा नमुना तयार आहे, वॉर्डांची नावं तेवढी बदलावी लागतील.